अंकुशरावांची सीट

कंपनीच्या बसवर ड्रायव्हर म्हणून माझी हयात गेली. आमच्या वसाहतीतल्या मंडळाचा दिवाळी अंक निघतो, त्याचे संपादक आमच्याच टूलरूममधून निवृत्त झालेले फोरमन. ते म्हणाले, "तात्या, यंदा तू लिही. सगळ्यांना घरी सोडलंस, सगळ्यांचं पाहिलंस." मी म्हटलं, मला आरशात दिसायचं तेवढंच मी पाहिलं. ते म्हणाले, तेवढंच लिही. सणाच्या अंकात काहीतरी गोड द्यावं हे मलाही कळतं, पण माझ्या डब्यात तसं फारसं निघत नाही. जे आहे ते वाढतो.

कंपनीची बस म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. इथं तिकीट नाही, कंडक्टर नाही, घंटी नाही. पहिल्या शिफ्टची गाडी अंधारात थेरगावहून निघायची, काळेवाडी, पिंपरी, नेहरूनगर, भोसरी, मोशी करत उजाडायला चाकणला गेटवर. प्रत्येक थांब्यावर ठरलेली माणसं ठरलेल्या जागी उभी असायची. एखादा नसला तर कायद्यानं मी थांबायचं नव्हतं. पण गाडी दुसऱ्या गिअरवर रांगवायची मुभा मीच मला दिली होती. तेवढ्यात तो गल्लीतून शर्टाची बटणं लावत धावत यायचा, आणि त्याच्या मागून डबा घेऊन त्याची बायको. कित्येक जणांच्या बायका मी फक्त धावतानाच पाहिल्यात.

मी मूळचा चाकणच्या पलीकडच्या वाडीचा. तरुणपणी आम्ही तिकडून चिंचवडला कामाला यायचो. मग चिंचवडलाच घर केलं. पुढं कंपनीनं चिंचवडची जागा विकली, तिथं आता बिल्डिंगा आहेत, आणि कारखाना नेला कुठं, तर आमच्याच शिवाराला लागून. जिथून उठून मी शहरात आलो तिथंच मी रोज गाडीभर माणसं घेऊन जायला लागलो. गेटसमोर चहाच्या टपऱ्या आहेत ना, तिथं आमची बाजरी असायची. घरची मंडळी हसायची, "तात्या, गाव सोडलं, पण गावानं तुला न्हाई सोडलं."

आमच्या बसमध्ये सीटचा एक कायदा होता. कुणी लिहिलेला नव्हता आणि कुणी मोडतही नव्हतं. ड्रायव्हरच्या मागची खिडकीची सीट सगळ्यांत जुन्या माणसाची. त्याच्या शेजारी त्याच्या खालचा, मग मागच्या रांगेत त्याच्या खालचे, असं करत करत नवी भरती पार शेवटच्या आडव्या सीटवर. तिथं रस्त्यातला एकही खड्डा चुकत नाही. पुढचा कुणी निवृत्त झाला की सगळे एकेक घर पुढं सरकायचे. बढती मिळो न मिळो, सीट मिळायचीच. नोकरीला लागताना माणूस मागच्या दारातून चढायचा आणि पुढच्या दारातून उतरून घरी जायचा.

उतरून घरी जायचा म्हणजे आम्हीच न्यायचो. कंपनीत हार, शाल, नारळ, भाषणं व्हायची. मग शिफ्ट सुटल्यावर सगळी बस त्या माणसाच्या घरी. थांबा कुठलाही असो, आधी त्याला दारात सोडायचं, मग बाकीचे. त्या दिवशी तो माझ्या डावीकडं, दाराजवळच्या एकट्या सीटवर बसायचा. गल्लीच्या तोंडापासून मी हॉर्न सोडायचो नाही. दारात बायको औक्षणाचं ताट घेऊन उभी, भाकरतुकडा ओवाळून टाकायची, पायावर पाणी घालायची. पेढा, चहा, आणि आम्ही परत. दुसऱ्या दिवशी त्याच्या सीटवर हारातलं एक फूल ठेवायचं आणि ती सीट दिवसभर मोकळी न्यायची. प्लेटिंगमधला एक टवाळ त्याला "एका दिवसाचं सुतक" म्हणायचा. तिसऱ्या दिवशी पुढच्या नंबरचा माणूस तिथं बसला की झालं, जुना माणूस संपला.

अशी किती माणसं मी सोडली याचा हिशेब ठेवला नाही. काही मात्र विसरली जात नाहीत.

एकांना रावेतला सोडायचं होतं. उभा संसार काळेवाडीत दोन खोल्यांत झाला, आणि निवृत्तीच्या तोंडावर मुलानं त्यांना रावेतच्या नव्या टॉवरमध्ये नेलं. आम्ही हॉर्न वाजवत गेटवर गेलो तर वॉचमननं दांडा आडवा केला. म्हणाला, "एक एक का एन्ट्री करना पड़ेगा, फिर फ्लॅट से ओके आएगा." गाडीत एवढी माणसं! मुलगा फोन उचलेना. शेवटी त्यांची बायको ताम्हण घेऊन लिफ्टनं खाली आली आणि वॉचमनच्या केबिनपुढंच औक्षण झालं. निरांजन वाऱ्यानं विझायला लागलं तेव्हा वॉचमननंच हाताचा आडोसा धरला. आम्ही पेढे खाऊन गाडी वळवली. आरशात पाहिलं तर ते गळ्यातल्या हारासकट गेटच्या आत उभे होते आणि सगळ्या बिल्डिंगांकडं आळीपाळीनं बघत होते. यातली आपली कुठली, हे त्यांना उमगत नसावं.

दुसरे मोशीचे. जुनं शेतकरी घराणं. जमिनी गेल्या, गाळे उभे राहिले, दारात दोन मोठाल्या गाड्या. तरी हा माणूस रोज आमच्या बसनं स्टोअरमध्ये कामाला यायचा. लोक चेष्टा करायचे. ते म्हणायचे, "आमी कुनबी, आन् कुनब्याला रान न्हाई. घरी बसून भाडं खाल्लं तर अंगाला लागत न्हाई, तात्या." त्यांच्या निरोपाला पोरांनी डीजे लावला होता, गुलाल उधळला होता. त्या गोंगाटात ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "उद्या सकाळी कुठं जायचं रं?" मी हसलो. ज्याच्या घरात सगळं आहे त्यानं असलं काय विचारावं, असं तेव्हा वाटलं होतं.

आता अंकुशराव.

अंकुशराव प्रेस शॉपमधले. तिथं पत्रा मोठ्या मशीनखाली दाबून गाड्यांचे भाग काढतात. दणका एवढा की तिथं जन्म काढलेला माणूस कानानं जातोच. अंकुशरावांचा डावा कान पार गेलेला होता. त्यामुळं ते हळू म्हणून जे बोलायचे ते शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जायचं. लातूरकडचे. दुष्काळात आले आणि काळेवाडीत राहिले. निरोपाच्या भाषणात त्यांनी एवढंच केलं, दोन्ही हात वर करून पंजे उघडले आणि म्हणाले, "प्रेसवर काम करून धा बोटं घिऊन घरी चाललोय. आनि काय सांगू?" प्रेस शॉपची माणसं ढसाढसा रडली, कारण तिथल्या जुन्या माणसांत दहा बोटांचे फार नव्हते.

त्यांना घरी सोडलं तेव्हा वहिनींनी, म्हणजे कौसल्याबाईंनी, औक्षण केलं. जाड भिंगाचा चष्मा, ठसठशीत कुंकू. निरांजन फिरवताना त्यांचा हात अंदाजानं चालला होता हे माझ्या लक्षात आलं. पेढे वाटत त्या मोठ्या आनंदानं सांगत होत्या, "आता आमी गावाकडं जानार. घर बांधून झालंय, दिरानं बांधून घेतलंय. मी अजून बगितलं नाही. शुगर डोळ्यांत उतरलीय माझ्या, डाक्टर म्हनला भरवसा नाही. म्हून म्हनलं, दिसतंय तवर घर बगून घ्यावं." बाई लग्न होऊन आल्यापासून दोन खोल्यांत राहिलेल्या. सुनेकडून भांडी बांधून घेऊनसुद्धा झाली होती. अंकुशराव मान हलवत होते, पण ऐकू न येणाऱ्या कानाच्या बाजूला वहिनी उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गाडी काळेवाडीच्या थांब्यावर आली तर अंकुशराव उभे. निळा युनिफॉर्म, हातात डबा. पुढच्या दारानं वर आले, सीटवरचं झेंडूचं फूल उचललं, माझ्यासमोरच्या गणपतीपुढं ठेवलं आणि बसले. गाडीत एकच हशा पिकला. "काका, नव्या नवरीला माहेर सुटंना व्हय?" कुणीतरी म्हणालं. अंकुशरावही हसले. सीट तर त्या दिवशी मोकळीच न्यायची होती, त्यामुळं कायदाही मोडला नव्हता. चाकणला गेटवर सगळे आत गेले. यांचं कार्ड आदल्या दिवशीच जमा झालेलं. सिक्युरिटीवाल्यानं नमस्कार केला, यांनी केला, आणि समोरच्या टपरीवर जाऊन बसले. शिफ्ट सुटली तेव्हा त्याच गाडीनं परत.

चूक झाली ती तिसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी त्या सीटवर पोपटरावांनी बसायचं होतं. पोपटराव रहाटणी फाट्याला चढायचे, काळेवाडीच्या आधी. कमरेच्या दुखण्यानं ते बेजार होते, पुढच्या सीटची वाट बघून त्यांचे डोळे शिणले होते. त्या दिवशी ते त्या सीटपाशी आले, थबकले, आणि आपल्या जुन्याच जागी जाऊन बसले. म्हणाले, "आला बिचारा तर? त्याला ऊठ कसं म्हनायचं?" अंकुशराव आलेच. आणि मग रोजच यायला लागले. एक दिवस गंमत, दोन दिवस गंमत. पुढं कुणी हसेना. पुढं कुणी त्यांच्याकडं नीट बघेचना.

दिवसभर ते टपरीवर प्रेस शॉपच्या भिंतीकडं तोंड करून बसायचे. दुपारी तिथंच डबा खायचे. मी मधल्या वेळात चहाला गेलो की मला शेजारी बसवून घ्यायचे. "कानाला नाही कळत, तात्या, पन पायाला दनका लागतो," म्हणायचे. तळपाय जमिनीला टेकवून डोळे मिटून बसलेले मी त्यांना बघितलेत. घरी त्यांनी सांगितलं होतं की कंपनीनं कंत्राटावर परत घेतलंय. काही जणांना घेतातही तसं, त्यामुळं कुणाला शंका आली नाही.

एकदा मी सरळ विचारलं, "अंकुशराव, गावाकडं कधी जाताय?"

"जायचंच की."

"मग अडलंय काय?"

 मग आपल्या परीनं हळू आवाजात, म्हणजे टपरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाले, "घरात बसलं की ती भित्तीला हात लावत चालती ते दिसतं, तात्या. कपात च्या वतती तर निम्मा भाईर. रोज थोडं थोडं जास्ती. ते बगत बसू का मी? तुझ्या गाडीत बसलं की दिसत नाही."

 मी चहाचे पैसे दिले आणि उठलो.

पुढं एका सकाळी वहिनीच थांब्यावर आल्या. सुनेचा हात धरून. अंकुशराव वर चढून बसले होते, गेलेला कान दाराकडं. वहिनी पायरीशी येऊन मला म्हणाल्या, "दादा, कंत्राटावर किती दिस ठेवनार यांना? सायबाला सांगा की, आमाला गावाला जायचंय. माझ्या डोळ्यांचं काय खरं नाही." मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "वहिनी, साहेब सोडतच नाहीत त्यांना! तो प्रेस दुसऱ्याच्या हातानं चालतच नाही." आणखी दोघं-तिघं बोलले, "हो हो, सोडत नाहीत." सगळी गाडी एका सुरात. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. वहिनींच्या तोंडावर असा अभिमान आला की मला पुढं बघवेना. मी गिअर टाकला.

आमच्याकडं औद्योगिक सुट्टी गुरुवारी. अशाच एका गुरुवारी वहिनी आणि त्यांची सून चिंचवडला माझ्या घरी आल्या. बायकोनं चहा ठेवला. वहिनींनी चहाला हात लावला नाही.

"दादा, उभा जन्म यांची कापडं धुतली मी," त्या म्हणाल्या. "सोडा, कढत पानी, बुरूस. तरी तेल जायचं नाही. आता नुसत्या पान्यात निघत्यात. मला वाटलं, सायबानं बसायचं काम दिलं आसंल. पन मशिनीचा वासबी येत नाही हो कापडाला. डोळ्यांना कमी दिसतं, हाताला कळतं. खरं सांगा, आत जात्यात का?"

माझी बायको माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "नाही जात."

त्या रडल्या नाहीत. पदरानं चष्मा पुसला, पुन्हा लावला. "तुमी समदे म्हनलात म्हून मी गप बसले. समद्या गाडीनं सांगितलं, म्हनलं खरंच आसनार."

सून म्हणाली, "मामंजींना आम्ही कामाचं विचारलं तर जेवण सोडतात. आता तुम्हीच काहीतरी करा."

"काय करू?"

"त्यांना बसू देऊ नका," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, थोरल्या माणसाला गाडीतून उतर म्हणायचं?"

"मला घरात बसवून ठिवलंय ते चालतंय का तुमाला?" असं म्हणून त्या उठल्या. दारापर्यंत जाताना त्यांनी आमच्या भिंतीला हात लावला.

दुसऱ्या दिवशी पोपटराव रहाटणीला चढले तेव्हा मी गाडी पुढं काढली नाही. म्हणालो, "पोपटराव, पुढं बसा."

"आरं, काळेवाडीला अंकुश—"

"नंबर तुमचा आहे. तुम्ही बसल्याशिवाय गाडी हलणार नाही."

"माझ्याच्यानं न्हाई व्हनार, तात्या. का पाप घालतुस माझ्या माथी?"

मागून लोक ओरडायला लागले, शिफ्टला उशीर होईल म्हणून. पोपटराव शिव्या देत येऊन बसले. इतकी वर्षं ज्या सीटची वाट पाहिली तिच्यावर ते अर्धेच टेकले होते.

काळेवाडीला अंकुशराव चढले. सीटपाशी आले. पोपटरावांनी खिडकीबाहेर तोंड केलं. अंकुशरावांनी एकदा सगळ्या गाडीवरून नजर फिरवली. पोपटरावांमागून सगळे एकेक घर पुढं सरकले होते; पुढच्या थांब्यांवाल्यांच्या ठरलेल्या जागा सोडल्या तर शेवटच्या आडव्या सीटवर तेवढी मधली जागा उरली होती, आणि तिथली नवी पोरं सरकून "या काका, बसा" म्हणत होती. कुणीच जागचं उठलं नाही. मी आरशात बघत होतो आणि माझा हात दाराच्या दांड्यावर होता. मला वाटलं, हे भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं.

"बरुबर हाय, पोपट," ते म्हणाले. गाडीभर ऐकू गेलं. "तुजाच नंबर हाय."

आणि पुढच्या दारानं उतरले. डबा हातात होता. मी दार ओढून घेतलं आणि निघालो. त्या थांब्यावरून इतक्या वेळा गाडी काढली, पण तेवढी जड कधी लागली नाही. पोपटराव भोसरीपर्यंत रुमालात तोंड घालून होते. मागून कुणीतरी म्हणालं, "तात्या, हे बरं न्हाई केलंस, राव."  म्हणणाऱ्याचंही बरोबर होतं आणि वहिनींचंही.

त्यानंतर अंकुशराव थांब्यावर दिसले नाहीत. मला वाटलं, गेले असतील गावाला. पोपटरावांकडून कळलं ते वेगळंच. आधी चार-सहा दिवस ते भिंतीकडं तोंड करून झोपून होते. मग स्वतःच उठले, दोऱ्या आणल्या, खोकी आणली, सामान बांधायला लागले. टेम्पो ठरला. आणि त्याच आठवड्यात वहिनींच्या डोळ्यांत रक्त उतरलं. आधीच एक डोळा अधू, दुसऱ्यात काळोख. ऑपरेशन झालं, धावपळ झाली, पण गेलेलं परत आलं नाही. डॉक्टरांनी म्हणे सांगितलं, हे कधीही होणार होतं. ते गावाला गेले ते त्यानंतर.

हे ऐकलं त्या दिवशी मी गाडी गेटच्या बाहेर लावली आणि बराच वेळ खाली उतरलो नाही. लोक म्हणतात, माणसानं मागचं सोडून द्यावं आणि पुढं बघावं. ड्रायव्हरला हे कुणी शिकवायला नको. पण आम्ही सगळ्यांनी मिळून एका माणसाला मागचं धरून ठेवायला जागा दिली, आणि ती जागा देताना आपण माया करतोय असं प्रत्येकाला वाटत होतं. त्या दिवसांत वहिनींना दिसत होतं, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

माझी पाळी आली तेव्हा एक अडचण झाली. ड्रायव्हरला घरी सोडायचं तर गाडी चालवणार कोण? शेवटी दुसऱ्या शिफ्टचा ड्रायव्हर बोलावला आणि मी हार घालून डाव्या सीटवर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मला रस्त्याच्या कडेची दुकानं दिसली. सिग्नल आला की माझा उजवा पाय खाली दाबायचा, तिथं ब्रेक नव्हता. लोक हसत होते. बायकोनं औक्षण केलं, पेढे वाटले, गाडी गेली. मग घरात एवढी शांतता झाली की मी पंखा लावला.

सकाळी मी थांब्यावर गेलो नाही. जाऊन उभा राहीन अशी भीती वाटत होती, म्हणून गेलो नाही. पण उठायचो अंधारातच, दाढी करून कपडे करून दारात खुर्ची टाकून बसायचो. मोठ्या रस्त्यानं आमची गाडी गेली की तिचा आवाज मला वेगळा कळायचा. असे महिने गेले. एक दिवस बायको चिडून म्हणाली, "नुसत्या गाड्या ऐकत बसता, त्यापेक्षा एखादीत बसून कुठंतरी जाऊन या." मी विचार केला आणि लातूरची एस.टी. धरली.

गाव लातूरच्या बरंच पलीकडं. फाट्यावरून चालत गेलो. घर विचारायला लागलं नाही, "कंपनीवाल्याचं घर" म्हणून सगळ्यांना ठाऊक. अंकुशराव मागं परसात भांडी घासत होते. वाळले होते. मला बघून त्यांनी राखेचे हात तसेच पुढं केले, मग पुसले. मागच्या दारानं आत नेलं, चहा केला. स्वयंपाक तेच करतात म्हणाले. भाकरी अजून गोल होत नाही, पण भाजते. वहिनींना सकाळी हात धरून अंगणात आणायचं, ओसरीवर बसवायचं, उन्हं चढली की आत न्यायचं. दिवस कसा जातो कळत नाही म्हणाले. मी विचारलं, करमतं का? तर म्हणाले, "करमायला वेळच नाही की." ते ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

चहाचा कप खाली ठेवताना त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "हिला दिसत हुतं तवा मी तुझ्या गाडीत बसून हुतो, तात्या."

आवाज नेहमीसारखाच मोठा. बाहेर ओसरीवर वहिनींना ऐकू गेलंच असणार. 

"कोन आलंय?" बाहेरून वहिनींनी विचारलं.

"बसवाले तात्या," अंकुशराव म्हणाले.

मी ओसरीवर गेलो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. चष्मा नव्हता. त्यांनी माझ्या बायकोची चौकशी केली, पोपटरावांच्या कमरेची केली. राग कुठं दिसला नाही. मग म्हणाल्या, "दादा, एक इचारू? घराला रंग कंचा हाय?"

आतून अंकुशराव म्हणाले, "सांगितलंय ना तुला रोज. पिवळा. तू म्हनलीस तस्साच. चौकटी हिरव्या."

मी दोन पावलं मागं अंगणात सरकलो आणि घर नीट बघितलं. खरंच पिवळं होतं, हळदीसारखं, अगदी ताजं. खिडक्यांच्या आणि दाराच्या चौकटी हिरव्यागार. रंग हातानं दिलेला होता, कडेला ब्रशचे ओघळ होते. अंकुशरावांनीच दिला असावा.

"पिवळाच आहे, वहिनी," मी म्हणालो. "आणि चौकटी हिरव्या आहेत. फार छान दिसतंय."

त्यांनी हात मागं नेऊन भिंतीवर तळवा टेकवला. 

"तुमीबी तेच सांगनार, दादा," त्या म्हणाल्या. आवाजात कडवटपणा नव्हता. "तुमी दोगं एकाच गाडीतले."

आत भांड्यांचा आवाज थांबला. मला म्हणायचं होतं की वहिनी, देवाशपथ पिवळा आहे. पण मी कुठल्या तोंडानं म्हणणार होतो? अंगणापलीकडच्या वाटेनं कुणीतरी चाललं होतं, बांगड्या वाजल्या. वहिनींनी त्या आवाजाकडं मान वळवली आणि हाक मारली, "कोन हाय गं? जरा हिकडं ये की. मला एक सांग."